आधी आवाज द्यायचा

रायपूरच्या गुढियारीत नीलकंठ धोट्यांना सगळे फौजी म्हणत. सत्त्याऐंशी साली ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते. निघताना शिकवलेलं त्यांना पाठ होतं. तिथं आपला शत्रू कुणी नाही, दोघांच्या भांडणात मधे उभं राहायचं. गोळी अगदी शेवटी, त्याआधी आवाज द्यायचा.

उतरल्यावर लोकांनी हार घातले. काही महिन्यांत त्याच गल्ल्यांतून गोळ्या आल्या. एकदा केळीच्या बागेत काही हललं. नीलकंठांनी नियमाप्रमाणे आवाज दिला. उत्तर त्या आवाजाच्या रोखानं आलं आणि शेजारी उभ्या जवान श्यामरावला लागलं. तो तिथंच गेला.

परतताना हार नव्हते. भैय्यालालच्या चहाच्या टपरीवर तर ठरलेलंच, "क्यों फौजी, लड़ाई थी कि पंचायत?" नीलकंठ चिडून भांडत. आवाज न देता मारतो तो सैनिक नव्हे, खाटीक, म्हणत. नियम चूक ठरला असता तर श्यामराव उगाच मेला असता. तेवढं त्यांना सोसलं नसतं.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, मंत्र्यांच्या गाड्या आल्या, आणि बस्तरच्या जंगलात नक्षलींशी लढायला पोलिसभरती निघाली. त्यांचा एकुलता एक शेखर भरती झाला.

निघायच्या सकाळी आईनं, पद्मजानं, रीतीप्रमाणे मुलाच्या तळहातावर दही घातलं. शेखर बापाकडे वळला.

"पापा, ट्रेनिंग में बोले, सामने अपने ही लोग हैं. पहले आवाज देना, फिर फायर. सही है न?"

"मलेही हेच सांगितलं होतं."

"हव, टपरी पे तो आप रोज यही बोलते हो."

नीलकंठांनी त्याच्या बॅगेचा पट्टा ओढून पाहिला.

"काहून चूप बसले?" पद्मजा म्हणाली. "पोट्टा जाऊन राहिला. सांगा ना काही."

दही मुलाच्या बोटांच्या फटीतून ओघळत होतं.

"आवाज देऊ नको," नीलकंठ म्हणाले.

"और कोई गाँववाला निकला तो?"

"तरी देऊ नको."

शेखरनं दही चाटलं, हात धुतला, पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी टपरीवर भैय्यालालनं नेहमीची कळ काढली.

"हव भैया," नीलकंठ म्हणाले, "पंचायतच होती."

भैय्यालाल गाळणी हातात धरून भांडणाची वाट पाहत राहिला.