हिरवा तळवा

तासगावकडचं ते मिटणाऱ्या चाकूचं प्रकरण निघालं, की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो.

बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याला शेडजवळ कुणीतरी मागून भोसकून लुटलं होतं. तो शुद्धीवर नव्हता. जागेवर हिरव्या हाडाच्या मुठीचा चाकू सापडला. असे चाकू त्या भागात एकच कारागीर बनवायचा आणि आदल्या दिवशीच त्याचं या व्यापाऱ्याशी भर बाजारात भांडण झालेलं. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. माझ्या वरिष्ठांनी त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी पोलीस कोठडी संपणार होती. मग थेट जेल.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "साहेब, हाड रंगात मुरवल्यावर मी त्याला मेण चोळतो, तवा रंग पक्का हुतो. बिनमेणाचे चाकू माझ्या पडवीतनं चोरीला गेल्यात. ह्यो त्यातलाच हाय."

"मग तक्रार का दिली नाहीस?" मी ओरडलो.

"दिली आसती तर तुमी घेतली आसती व्हय?"

माझं डोकं फिरलं. पण पंचनाम्यात चाकू गुंडाळताना कापड हिरवं झालेलं मी पाहिलं होतं. वरिष्ठांना सांगितलं, तर ते हसले. "रंगाच्या गप्पा त्याला कोर्टात मारू दे."

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, म्हसवडच्या जत्रंत एकजण हिरव्या मुठीचे चाकू इकतोय. लय सस्तात."

साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन निघालो. माणूस सापडला. एक चाकू मुठीत धरून मी म्हणालो, "निम्म्यात दे."

"आवं पाव्हणं, हाडाची मूठ हाय!"

"तुझ्या हाडाची हाय का? मग एवढं दुखतंय कशाला?"

पोरवयात भाजी विकून शिकलेला माणूस मी. घासाघिशीत कुणाला ऐकत नाही. ऊन रणरणत होतं, चाकू घामेजल्या मुठीतच होता. शेवटी वैतागून तो म्हणाला, "न्या बाबा!" मी त्याच्यापुढे पैसे टाकले आणि मूठ उघडली. तळवा हिरवागार!

"आता तुझा हात दाव रं."

तो पळालाच! हवालदाराने त्याला पाळण्यापाशी लोळवलं. त्याच्या पिशवीत व्यापाऱ्याचा मोबाइल निघाला. ठाण्यात पोहोचेपर्यंत गड्याने सगळं कबूल केलं.

वर्तमानपत्रात फोटो वरिष्ठांचा आला. माझं नावही नव्हतं. वर स्वतःच्या खिशातून घेतलेला चाकू मुद्देमालात जमा झाला, तो गेलाच. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

कारागीर सुटला. पुढे मी त्याच्याकडे चाकू घ्यायला गेलो आणि सवयीने निम्म्यापासून सुरुवात केली. त्याने एक चाकू माझ्या हातात दिला आणि मला हवं तेवढं बोलू दिलं. मग म्हणाला, "साहेब, आता मूठ उघडून बघा."

तळवा कोरडा, स्वच्छ.

आरोपीचं म्हणणं हसण्यावारी नेण्याआधी आपल्या हाताने तपासून बघावं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. चाकूचे मात्र मी पुरे पैसे दिले.