सहादूतात्या आणि सुटणारा तिसरा गिअर

बेलापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून सहादूतात्यांचं गॅरेज. सात वर्षं मी तात्यांशी भांडते आहे. त्यांचं ऑइल माझ्या दारात येतं, त्यांची काळी बोटं माझ्या गिऱ्हाइकांच्या सातबाऱ्यावर उमटतात. पण गेलं वर्षभर या भांडणात काही राम राहिलेला नाही. मी घसा कोरडा होईपर्यंत बोलते आणि तात्या हसून म्हणतात, "व्हय व्हय."

तात्यांना ऐकू येत नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस गाडी वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून सांगायचा, की हिचं बेअरिंग गेलंय. त्याने कान गेल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण उन्हाळ्यात त्यांनी दुरुस्त केलेली एक जीप घरघर करत परत आली. मग एक टेम्पो आला. गावाला बोलायला विषय मिळाला आणि ते पुण्याला, तात्यांच्या मुलापर्यंत पोचलं. अमृत तिथे कंपनीत आहे. त्याने मला फोन केला, कारण बापाला फोनवर काही कळत नाही.

"निकिताताई, तात्यांना सांगा, गॅरेज बंद करायचं. रविवारी येतो आणि त्यांना घेऊनच जातो."

मी ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तात्यांपुढे धरलं. त्यांनी वाचलं आणि पाना पुसत बसले. "पुन्यात मी काय करू? गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजू?" मला इतकं वाईट वाटलं, की मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

शुक्रवारी राहात्याहून एक जुनी व्हॅन आली. रामहरी आणि रतनबाई हे साठीपुढचं जोडपं घरच्या बागेतले पेरू त्या व्हॅनमधून विकत फिरतं. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तरी शेजारच्या सीटवर बसलेल्या रतनबाईंचा हात गिअरच्या दांड्यावरच होता.

"अगं, सोड आता," रामहरी म्हणाले.

"सवय झालीय वो," रतनबाई मला म्हणाल्या. "ह्यांनी गाडी चालवायची आन् तिसरा गिअर मी दाबून धरायचा. सोडला की खटकन न्यूट्रल! आठ महिनं झालं, गाडीत साधं शेंगदानं बी खाल्लं न्हाईत."

दोन गॅरेजांत गिअरबॉक्स उघडून झाला होता. आतल्या स्प्रिंगा नव्या, गिअर सरकवणारा काटा नवा, पण गिअर सुटायचा काही राहिला नव्हता. "आतनं लई घरघर करतोय," रामहरी म्हणाले. "व्हय व्हय," तात्या म्हणाले, आणि मी घाईने कागदावर 'तिसरा गिअर सुटतो' एवढंच लिहून त्यांच्यापुढे धरलं. ही तिसरी गाडी परत आली, की संपलंच.

तात्यांनी हत्याराला हात लावला नाही. रामहरींना गाडी चालवायला लावली, रतनबाईंना मागे बसवलं आणि स्वतः दांड्यावर तळवा ठेवून प्रवरेच्या पुलापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. परत आल्यावर म्हणाले, "दुसरा आन् चौथा मागं वढायचं गिअर. ते खोल बसत्यात. पहिला आन् तिसरा फुडं ढकलायचं, ते अर्ध्यातच ऱ्हात्यात. पहिल्यात तुमी थांबता कुठं, म्हनून तो कळत न्हाई. आत काय बी बिघाड न्हाई. बॉक्सच तिरका बसलाय, म्हनून दांडा फुडं पुरता जात न्हाई."

मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले ते बोटभर जाड काळा तुकडा घेऊन. "हे कुनी घातलं?"

"मीच की!" रामहरींची छाती फुगली. तीस वर्षं साखर कारखान्यात काढलेला माणूस. "कारखान्याच्या मशिनीचा पट्टा हाय त्यो! गिअरबॉक्सखालचं रबर फाटलं, तवा घरीच बसवला. माझ्या गोठ्यात त्योच, उंबऱ्याखाली त्योच, चपलंला त्योच. जन्मात तुटनार न्हाई."

"तुटत न्हाई आन् दबत बी न्हाई," मी ते कागदावर लिहून दाखवल्यावर तात्या म्हणाले. "त्यानंच बॉक्स एका अंगानं उचललाय."

त्या कडक पट्ट्यावरून बॉक्सची सगळी घरघर गाडीत चढत होती. दोन्ही गॅरेजवाल्यांनी ती ऐकली, बॉक्स उघडला, आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर नीट बसवून दिला. तात्यांना घरघर ऐकूच आली नाही, त्यामुळे ते चकलेही नाहीत. रतनबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की रामहरी चहा सांगायला पळाले.

शनिवारी श्रीरामपूरहून नवं रबर आणून तात्यांनी बॉक्स सरळ बसवला. रविवारी सकाळी अमृत स्वतःच्या गाडीने आला. बापाने त्याला बोलू न देता व्हॅनची चावी दिली. "तूच चालव." शेजारी रतनबाई, मागे पेरूच्या कॅरेटांच्या गर्दीत रामहरी, तात्या आणि मी. पूल ओलांडल्यावर तिसरा गिअर पडला. रतनबाईंचा हात आपोआप दांड्याकडे गेला.

"मावशी, सोडा," अमृत म्हणाला.

त्यांनी एकेक बोट करून हात सोडला. खड्डे आले, गतिरोधक आला, चढ आला. गिअर जागचा हलला नाही. रतनबाई खिडकीवर कोपर टेकून राणीसारख्या बसल्या. अमृतने गाडी परत वळवली.

गॅरेजपाशी उतरल्यावर तात्या त्याच्यासमोर उभे राहिले. बहिरी माणसं बोलतात तसे, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असे बोलले. "अमृत, मला ऐकू येत न्हाई रं. वरीस झालं. लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाई."

"आमाला ठाऊक हाय, तात्या!" समोरचा चहावाला ओरडला. ते अर्थातच तात्यांना ऐकू गेलं नाही.

अमृतने खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढली, बापाच्या तळव्यावर ठेवली आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "माझ्या गाडीचा दुसरा गिअर लई कडक लागतो. पुण्यात तीनदा दाखवली. तुमी बघता का?"

तात्यांनी चावी मुठीत धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "ठिवून जा. घाई करायची न्हाई. आठ दिस लागतील."

बापाला न्यायला आलेला अमृत संध्याकाळच्या एसटीने एकटाच पुण्याला गेला.