खाणीत तयार झालेला कान

बदनापूरजवळच्या आपल्या गावात भुजंगला सगळे ‘सोनेवाला’ म्हणतात. सोनं म्हणाल तर बायकोच्या अंगावरही धड नाही! रायचूरकडच्या एका लहानशा सोन्याच्या खाणीत त्यानं उमेदीची वर्षं घालवली, एवढाच काय तो संबंध. त्या खाणीत फार जुन्या लोकांनी सरपण पेटवून दगड तडकवला होता. त्यांचा कोळसा भुजंगनं स्वतःच्या हातानं उपसला. निजामाच्या काळात तिथं यंत्रं आली. शेवटी सोन्याची शीर दोऱ्याएवढी उरली आणि खाण बंद पडली. भुजंग गावी परतला तो एक विद्या घेऊन. पहारीनं छत ठोकायचं आणि ऐकायचं. खणखण वाजलं तर खुशाल आत जा, भदभद वाजलं तर पळ काढ.

यंदा विहीर आटली, तेव्हा तळातून आडवा बोगदा मारायचं ठरलं. भुजंगनं छत ठोकलं. खणखणीत! त्याच्या भरवशावर मुलगा अंगद आत शिरला आणि भुजंग वर आला.

काठावर त्याची बायको उषाबाई यारीच्या दोरानं बादलीतून दगडमाती वर ओढत होती. बादली उलटताना ती थबकली.

“आवो, लाल माती येऊन राह्यली. वली हाय. बोलवा त्याला वर.”

“छत बराबर हाय. तू मला खाण शिकवून राह्यली का?”

उषाबाईनं बादलीत हात घातला. मूठभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं मूठ आवळली, तर ती लोण्यासारखी बोटांतून बाहेर आली.

भुजंगला आता फरक कळला. खाणीतली शीर भिंतीसारखी उभी, दोन्ही अंगांचा टणक दगड छत तोलून धरायचा. इथला काळा दगड आडवा, थरावर थर, आणि दोन थरांच्या मधे ही लाल माती. छत चांगलंच होतं, पण ते ज्या भिंतींवर टेकलं होतं, त्याच विरघळायला लागल्या होत्या.

“अंगद, भाईर ये! जल्दी!”

“आबा, पाणी लागून राह्यलं!” आतून आनंदाची आरोळी आली. पोरगं काही निघेना.

भुजंग दोराला लटकून खाली घसरला. तळहात सोलले. बोगद्यात अर्धा शिरून त्यानं अंगदचा पाय धरला आणि त्याला फरफटत बाहेर ओढलं. दोघं विहिरीच्या भिंतीला चिकटतात न चिकटतात तोच छत खाली बसलं. अख्खंच्या अख्खं, कुठंही तडा नाही.

वरून उषाबाई दोघांच्या नावानं ओरडत होती. भुजंग पोराला घट्ट धरून रडत होता.

“आबा,” बुजलेल्या बोगद्याकडे बघत अंगद म्हणाला, “आता कुठनं खोदायचं?”

“मला न्हाई कळत रे,” भुजंग म्हणाला. “मला ही जमीन न्हाई कळत.”