लेबल नसलेली बाटली

केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईच्या साडीला भोकं पडत जातात आणि डोक्यात किस्से साचत जातात. दोन्हीला इलाज नाही! सिकंदराबादजवळच्या तारनाक्याच्या आमच्या कॉलेजातले माझ्याकडे जे साचलेत, त्यातले निम्मे एकट्या सतीशचे. बी.एस्सी.ला होता, रक्ताचा कॅन्सर होता. पण खरं सांगते, इतका वैताग मला दुसऱ्या कुठल्याच पोराने दिला नाही.

*

आजार कळला आणि दोन महिने तो गायब झाला. परत आला तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. मी नेहमीचंच बोलले, "जर्नल कुठाय?"

"मॅडम, किमो चालली होती."

"ते दिसतंय. जर्नल कुठाय?"

पोरगा असा खूश झाला! म्हणाला, "घरी सगळे नुसते रडतात मॅडम. तुम्ही ओरडलात, बरं वाटलं."

जर्नल मात्र आणलं नाही ते नाहीच.

*

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. एक टायवाला आमच्या वर्गात येऊन तासभर बोलला. आता देश उघडला, केमिस्ट्रीत काय ठेवलंय, तीन वर्षांचा डिप्लोमा करा, अमेरिकेला जा!

सतीशने हात वर केला. "तीन वर्षं लई होतात सर. काही शॉर्टमध्ये नाही का?"

टायवाला म्हणाला, "बेटा, इतकी कसली घाई?"

मी टायवाल्याला बाहेरचा रस्ता दाखवला. शब्दशः.

*

आजार परवडला, पण भेटायला येणारे नकोत! प्रत्येकाच्या पिशवीत एक रामबाण उपाय. आमच्या फिजिक्सच्या जोशी सरांनी तर कारल्याचा आणि कडुलिंबाचा रस थर्मासमधून नेला. सतीशच्या घरी, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, पार तिसऱ्या मजल्यावर!

सतीश म्हणाला, "सर, आमच्या मॅडमचा लॅबमधला पहिला नियम आहे. लेबल नसलेलं काही तोंडात घालायचं नाही. आत काय काय आहे ते लिहून द्या, आणि पैले तुम्ही प्या."

जोशी सर बाणेदारपणे प्याले. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही तास मी घेतले.

*

मग त्याच्या आत्या आल्या, कसलीशी मुळी उगाळून घेऊन. "पैले तुम्ही," हा म्हणाला.

"अरे, माझा आज उपास आहे."

त्यानंतर त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचाच उपास असायचा! सतीशची आई म्हणायची, इतके धार्मिक नातेवाईक आपल्याला आहेत हे ठाऊकच नव्हतं.

*

मी मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांना झाडत होते. सायन्स शिकवता ना? मग हे पाले आणि मुळ्या कशाला? आमचा लॅब अटेंडंट यादगिरी देवाचा दोरा घेऊन आला, तर त्यालाही धारेवर धरलं. शेवटी सतीशनेच मनगट पुढे केलं. "कायकू ओरडता मॅडम? हे काही प्यायचं नाहीये."

*

त्याला पास व्हायचं होतं, तेही स्वतःच्या मार्कांवर. बस, एवढंच. प्रॅक्टिकलला तोंडावर मास्क बांधून, टेबलं धरत धरत आला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तू घरी जा बाळ, मार्क देतो मी."

"नक्को सर. सॉल्ट द्या."

चार तास उभा राहिला, आणि सॉल्टमधला एक घटक चुकीचा ओळखला. मी त्याचे मार्क कापले. त्याने रागाने माझ्याकडे बघितलं नाही, उलट मान डोलावली. त्या दिवशी मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

*

मे महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. रिझल्ट जूनमध्ये लागायचा होता.

त्या रविवारी मी दोन बस बदलून बेगम बाजारला गेले. एका जडीबुटीवाल्याकडून काढ्याची बाटली घेतली. आत काय होतं, मी विचारलं नाही. मी, एम.एस्सी. केमिस्ट्री!

सतीशच्या पलंगाशी अर्धा तास बसले. रिझल्टचं बोलले, जर्नलवरून रागावले. पर्सची चेन काही उघडवेना.

शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, पर्समधून वास येतोय."

मी बाटली काढली. त्याने ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. लेबल नव्हतं.

"थांब," मी म्हटलं, "ग्लास दे. आधी मी पिते."

त्याने ग्लास उशीमागे सरकवला आणि बाटलीच तोंडाला लावली. डोळे मिटून सगळी संपवली. मग तोंड पुसलं आणि म्हणाला,

"टेन्शन नक्को मॅडम. स्टाफरूममध्ये मी कुणालाच सांगणार नाही."