रशीदाआपाचं गिऱ्हाईक

सांगितलेल्या भावाला मुकाट्यानं पिशवी घेणारा माणूस रशीदाआपाला मुळीच खपत नसे. लातुरात ट्यूशनच्या गल्लीत तिचं आणि कांताचं पिशव्यांचं लहानसं दुकान होतं. एकदा मुलाला क्लासला घालायला आलेले एक गृहस्थ तिनं मागितलेले पैसे ठेवून चालू लागले. आपानं मशीन थांबवलं आणि हाक मारली, ‘‘ओ साहेब, भाव न्हाई केला? कीव आली का माझी?’’ ते बिचारे गडबडले. आपानं वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले. ‘‘हे घासाघिशीसाठी वर ठेवले हुते. तुमी केलीच न्हाई, तर तुमचे तुमी घेऊन जा.’’

कांतानं कपाळावर हात मारून घेतला. अशानं दुकान चालायचं कसं, असं ती मला खुणेनंच विचारत होती. मी हसले, पण आपाच्या या खोडीमागचं कारण मला माहीत होतं, म्हणून पुरतं हसू येईना.

भूकंपाच्या वर्षी मी औशाला एका संस्थेच्या कामावर होते. आपाचं गाव तिथून जवळच. गावाची शिंपीण म्हणजे रशीदाआपाच. सगळ्या आळीच्या चोळ्या आणि पोरींचे फ्रॉक तिच्याच हातचे. नवरा आधीच गेलेला. त्या पहाटे घराचे दगड कोसळले आणि तिची एकुलती एक मुमताज त्याखाली गेली. आपाला बाहेर काढलं ते कांतानं, शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या तिच्या मैत्रिणीनं.

मग मदत आली. तंबू आले, डॉक्टर आले, परदेशातून दवा आली. आपा त्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही. ‘‘त्या दिवसांत त्यांनी धरलं म्हणून उभी हाय. अल्ला भलं करो त्यांचं,’’ म्हणायची. पण पुढे ट्रक भरभरून कपडे येऊ लागले. साड्या, स्वेटर, कोट, अहो टायसुद्धा! फुकटचं एवढं अंगावर पडल्यावर शिंपिणीकडे कोण जातं? त्यावर कुणी तरी दयाळू माणसानं बायकांना स्वावलंबी करायचं मनावर घेतलं आणि घरोघर शिलाई मशीन वाटलं. आपा कांताच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘आता गं? हिनं माझं शिवायचं, का मी हिचं?’’

दुसऱ्या दिवशी ती आमच्या हापिसात आली. ‘‘खैरात लई झाली, सुनंदा. आता सौदा करा. आमी शिवतो, तुमी गिऱ्हाईक आना.’’

मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. गरीब देशांना मदत द्यावी की त्यांचा माल विकत घ्यावा, यावर परीक्षेत पानं भरून आलेली. मी तिच्याशी वाद घातला. ‘‘आपा, सौद्याला कापड लागतं, दोरा लागतो. ते मदतीशिवाय कुठून येणार?’’

‘‘हाव, ते बी खरं हाय,’’ ती लगेच म्हणाली. ‘‘पयलं कापड द्या. दुसरं आमी घेऊ. जखम भरली तरी पट्टी किती दिस बांधून फिरू?’’

आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्या परदेशी मंडळाचे एक साहेब तेव्हा येत-जात असत. माणूस सरळ होता. त्यांनी आपाच्या जाड कापडाच्या, लांब बंदाच्या पिशव्या पाहिल्या, बंद ओढून पाहिले आणि तिकडे विकायला नेल्या. ऑर्डरी सुरू झाल्या. तंबूत मशीनं धडधडू लागली, बायका गाणी म्हणू लागल्या. आपा बंदाला दुहेरी शिलाई मारून घेई आणि कुणी आळस केला तर उसवून परत शिवायला लावी. मुमताज गेल्यानंतर तिला पोटभर जेवताना मी तेव्हाच पाहिलं.

मग एक दिवस पिशव्यांवर लावायच्या छापील चिठ्ठ्या आल्या, इंग्रजीत. वर आपाचा फोटो.

‘‘काय लिवलंय?’’

मी वाचून सांगितलं. ही पिशवी शिवणाऱ्या आईनं भूकंपात आपली एकुलती मुलगी गमावली आहे. आपली खरेदी तिचे अश्रू पुसेल.

आपानं कातर घेतली आणि तोवर शिवलेल्या एकेका पिशवीची चिठ्ठी उसवू लागली. साहेबांनी माझ्यामार्फत तिला परोपरीनं समजावलं, की तिकडे पिशव्यांना तोटा नाही, लोक घेतात ते ही हकिगत वाचूनच.

‘‘पिशवी वाईट हाय का माझी?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही, उत्तम आहे,’’ साहेबांचं उत्तर मी तिला सांगितलं.

‘‘मग उत्तम हाय म्हनून घ्या. माझी पोरगी मेली, ती माझी मेली. तिला पिशवीला लावून मी विकनार न्हाई.’’

बायका हादरल्या. चुली त्या ऑर्डरीवर पेटत होत्या. ‘‘आपा, चिठ्ठीनं का हुईना, इकतंय ना गं!’’ कांता रडकुंडीला येऊन म्हणाली. आपा ऐकेना. बिनचिठ्ठीचा माल गेला आणि बहुतेक पडून राहिला. साहेबांनी खंत व्यक्त केली आणि ऑर्डर थांबली. काही बायका पुण्याला बांधकामावर गेल्या, काही जणींनी आपाशी बोलणं टाकलं. ते तिला फार लागलं होतं. पुष्कळ वर्षांनी एकदा म्हणाली, ‘‘माझं चुकलं का गं सुनंदा? माझी पोर माझ्यापाशी ऱ्हायली, पन त्यांच्या पोरांचा घास गेला.’’

पुढे लातुरात क्लासेसची भरभराट झाली. नांदेड, देगलूर, निलंगा, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊन राहू लागली. त्यांची पुस्तकं जाडजूड, आणि बाजारातल्या पिशव्यांचे बंद महिन्यात तुटायचे. आपा आणि कांता दोघी गावाहून तिथं गेल्या. पोरी यायच्या, नाकं मुरडायच्या, ‘‘मावशी, लई सांगताय!’’ म्हणून भांडायच्या. आपा कडाकडा भांडायची आणि त्या गेल्या की सुखानं पान लावायची. त्यांच्यातल्या एकीलाही मुमताज ठाऊक नव्हती.

साखरेच्या दुखण्यानं आपा गेली. मातीला गावाकडची झाडून सगळी आली, बोलणं टाकलेल्यासुद्धा. चार दिवसांनी कांतानं दुकान उघडलं. मी तिच्या सोबतीला बसले होते. आपाच्या मशीनवर अर्धवट शिवलेली पिशवी तशीच होती. आम्हा दोघींनाही तिच्याकडे बघवत नव्हतं.

एक मुलगी आली. नवीच असावी. ‘‘मैत्रीण म्हणाली, इथली पिशवी फाटत नाही. केवढ्याला?’’

कांतानं भाव सांगितला.

‘‘अगंबाई, लई सांगताय मावशी!’’

एवढं ऐकलं आणि कांताचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून ती हमसाहमशी रडायला लागली. मलाही आवरेना. पोरगी घाबरली, घाईघाईनं पर्स उघडून म्हणाली, ‘‘राहू द्या मावशी, राहू द्या. सांगितले तेवढे देते ना मी.’’

कांतानं झटकन डोळे पुसले आणि तिचा पैशांचा हात मागं लोटला.

‘‘न्हाई. रडनं माझं हाय, त्याचे पैसे देऊ नको. तू भाव कर.’’

पोरगी माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली.

‘‘चाळीस कमी करा,’’ ती चाचरत म्हणाली.

‘‘वीस,’’ कांता म्हणाली.