सोनीची ‘जाऊ’

“मॅडम, फाइलीतून त्या खुलताबादच्या बाईंची पानं काढून टाका. फोटोसुद्धा.” गारखेड्याच्या शैलजाताई माझ्या टेबलापुढं उभ्याच होत्या. “सोनी आता माझी आहे.”

सोनी हे तिचं खरं नाव नाही. खरं सांगायला कायद्यानं बंदी आहे. वय आठ, बौद्धिक अक्षमता, बोलायला मोजके शब्द. मी तेव्हा जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयात होते. ज्या मुलांना घरचं कुणी सांभाळू शकत नाही, त्यांना काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, याला फॉस्टर केअर म्हणतात. ते दत्तक नव्हे. सोनीला आधी खुलताबादच्या सुमनबाईंनी वाढवलं. त्यांचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, म्हणून तिला शैलजाताईंकडं दिलं होतं.

“ताई, फाइल मुलीची असते. घर बदललं की तिच्याबरोबर जाते. बाहेरच्यांना दाखवता येत नाही, तसं एक पान काढताही येत नाही.”

त्या खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. “मग तिलाच परत न्या. रोज सकाळी आंघोळीला घेतलं की दाराकडं हात करते, ‘जाऊ, जाऊ’ म्हणून रडते. तिच्यासाठी मी नोकरी सोडली. आणि तिला त्या बाईकडंच जायचंय!”

सुमनबाईंकडं परत पाठवणं शक्य नव्हतं. शैलजाताईंनी सोडलं, तर सोनी थेट बालगृहात. मी साहेबांना सांगितलं.

“त्यांच्याकडून लेखी घ्या आणि ट्रान्सफरची नोट टाका,” साहेब म्हणाले.

“सर, संगोपन आराखड्यात ‘मुलीचे शब्द आणि खुणा’ हा रकाना कोरा आहे. आधी तो भरू द्या.”

संगोपन आराखडा म्हणजे त्या मुलाची औषधं, शाळा, सवयी यांची नोंद. कमी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो रकाना फार महत्त्वाचा. पण आमच्या गृहभेटी दुपारच्या, त्यामुळं आंघोळ कुणी पाहिलेलीच नव्हती. साहेब कुरकुरले, पण थांबले.

बालकल्याण समितीची परवानगी काढून मी दोघींना ऑफिसात बोलावलं.

“जेवती का नीट?” सुमनबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

“आधीपेक्षा चांगली जेवते,” शैलजाताई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

मी ‘जाऊ’चं सांगितलं. सुमनबाईंचा चेहरा एकदम फुलला. शैलजाताईंकडं रोखून बघत त्या म्हणाल्या, “लेकरू इसरलं नाय मला.”

“कधी म्हणते, ते तरी ऐका,” मी म्हणाले. “ आंघोळीच्या वेळी. फक्त तेव्हाच.”

सुमनबाईंचं हसू विझलं. गप्प राहिल्या असत्या, तर आम्हा कुणाला काही कळलं नसतं.

“लिवा मॅडम,” त्या म्हणाल्या. “ती कुठं जायाचं म्हनत नाय. माझ्या जावंला बोलावती. ‘जाऊबाई, पोरीला घ्या’ असं मी म्हनायची, तेच उचललं तिनं. मी चुलीपाशी, आंघोळ जाऊच घालायची.” मग त्या शैलजाताईंकडं वळल्या. “ताप आला तर मी जागले. शाळेत मी नेलं. अन् आठवन काढती कुनाची, तर जावंची!”

शैलजाताईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं. “आंघोळ कशी घालायच्या त्या?”

“एकदम डोक्यावर पानी नाय घ्यायचं, लई भिती. आधी पाय, मग पाठ. अन् सारखं काहीबाही बोलत ऱ्हायचं.”

मी रकान्यात लिहिलं: ‘जाऊ’ म्हणजे पूर्वीच्या घरातली काकू.

सोनी गारखेड्यातच राहिली. रडणं हळूहळू थांबलं. पुढच्या गृहभेटीत शैलजाताईंनी चहा देता देता विचारलं, “ही जाऊबाई दिसायला कशी आहे हो?”

नव्या वर्कर्सना मी एवढंच सांगते, की तो रकाना टेबलाशी बसून भरू नका. दोन्ही घरच्या बायकांना समोरासमोर बसवा. त्या भांडतात, पण माहिती पूर्ण मिळते.