पुसलेल्या ओळींचा राखणदार

विजूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वीर स्टेशनबाहेर रिक्षात बसत होते. शोभावहिनी एवढंच म्हणाली, "क्लासमध्येच... खुर्चीवर." पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. रिक्षा महाडला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात, स्वतःचीच लाज वाटावी असा, एकच विचार घोळत होता. त्याच्या त्या जुन्या संगणकाचं आता काय करायचं?

विजूदादा माझा आतेभाऊ. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत, माडीवर त्याचा संगणकाचा क्लास होता. इंटरनेट आलं तसं त्यानं पोलादपूरकडच्या आमच्या गावाचं एक पान सुरू केलं. मुंबईतली, आखातातली पोरं तिथं जमायला लागली. कोणी जत्रेची चौकशी करायचं, कोणी सरपंचाची खरडपट्टी काढायचं. आमच्याकडे शिमग्यात माणूस वाट्टेल ते बोलतो. होळीपुढे बोंबा मारून झाल्या की ज्याच्या नावानं मारल्या त्याच्याच पडवीत बसून दुसऱ्या दिवशी चहा पितो, आणि बोललेलं कोणी धरून ठेवत नाही. पोरं त्या पानावर तशीच मोकळी सुटायची. सकाळी शहाणपण सुचलं की लिहिलेलं पुसून टाकायची. पुसलं म्हणजे होळीत जळलं, अशी सगळ्यांची भाबडी समजूत. दादा मात्र दिवसातून कितीदा तरी त्या पानाची प्रत आपल्या संगणकात उतरवून ठेवायचा. त्यामुळे जगातून पुसलेलं सगळं त्याच्या माडीवर शाबूत होतं.

मी शाळेत मराठी शिकवते, उपदेश करायची सवय जात नाही. म्हटलं, "शिमग्यातलं बोलणं टेप करून ठेवणाऱ्याला गाव काय करेल, ठाऊक आहे ना?"

"गाव बोलतंय, मी नुसता ऐकतोय गं," तो हसून म्हणाला.

"दाराआड उभा राहून ऐकतोयस."

माणूस घाईघाईनं पुसतो तेच त्याच्या मनातलं असतं, ते कुठंतरी राहायला हवं, असं त्याचं म्हणणं. मला ती नसती उठाठेव वाटायची. अजूनही पुरती वाटेनाशी झालेली नाही.

मग सलीमचं झालं. गावातल्या जैबूनचाचीचा हा एकुलता एक मुलगा कुवेतला गाडी चालवायचा. गावात होता तेव्हा शिमग्यात सगळ्यांत मोठी बोंब त्याचीच असायची. एके दिवशी त्यानं पानावर बरंच काही लिहिलं आणि थोड्याच वेळात पुसलं. त्याच आठवड्यात तिकडे अपघातात तो गेला. दफनही तिकडेच झालं. चाचीला ना तोंड दिसलं, ना कबर. तो विजूच्या पानावर लिहायचा, शेवटचं लिहून पुसलंही होतं, हे तिला कोणीतरी सांगितलं आणि ती एसटीनं महाडला आली. मी तेव्हा माडीवरच होते.

"विजू, माझ्या सलीमचं काय हाय रे तुझ्याकडं?"

"काही नाही, चाची."

ती जिना उतरून गेल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"आहे," तो म्हणाला. "पण त्यानं स्वतःच्या हातानं पुसलंय. आईनं वाचावं असं नाही त्यात. मी कोण दाखवणारा?"

"मग ठेवलंस कशाला?"

त्यानंतर त्यानं ते पान बंद केलं. क्लासमधले बाकीचे संगणक बदलले, हा एक तेवढा ठेवला. महाडची वीज रोज जायची, आणि आली की तो आधी हाच चालू करायचा. मुलं वर्गात असली तरी मधेच थांबून त्या खोक्याकडे बघत राहायचा. तिथं कोणीतरी बसलंय असं मलाही वाटायला लागलं होतं. चाची बाजाराला आली की माडीवर यायची, तेच विचारायची, तेच ऐकायची आणि चहा घेऊन जायची. पुसून टाकावं म्हटलं तर सलीम दुसऱ्यांदा मरेल आणि या वेळी आपल्या हातून, असं तो एकदा म्हणाला होता.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर वहिनीनं किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्हीच काय ते ठरवा. मला ते घरात नको." मी रोज शाळा सुटल्यावर माडीवर जायला लागले. वीज असली की तो संगणक लावून समोर बसायचे. उघडून काही वाचायचा धीर झाला नाही. एका बाजाराच्या दिवशी मी तशीच तो लावून बसले असताना जिन्यावर पावलं वाजली. चाची आली, बाकावर बसली. दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पदरानं डोळे पुसले. काय सांगायचं ते मी घोकून ठेवलं होतं... काही नाही, चाची.

"तू वाचलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"वाचू नको. मला पन वाचून दाखवू नको. पोरानं पुसलं म्हंजे त्याला ते नको होतं. विजूला वाटायचं, मी वाचायला येतंय. नुसतं हाय का नाय, येवढंच सांग गो."

दाखवायचं की लपवायचं, एवढ्या दोनच वाटा त्या शहाण्या माणसाला दिसल्या होत्या. मलाही.

"आहे," मी म्हणाले.

चाची उठली. टेबलाशी आली आणि तिनं त्या खोक्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गरम हाय गो," ती म्हणाली.